ताप उतरल्यावरची भांडणं

टायरांतलं, टाक्यांतलं साचलेलं पाणी मी दिसेल तिथे उपडं करते, पण किस्से मात्र साचू देते! आमचा सरकारी दवाखाना बेल्याच्या पट्ट्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला पलीकडून चिकटून, तेलुगू मुलखात आहे. कपाशीला फुलं लागली की डेंग्यूचे पेशंट सुरू. मी तिथली सिस्टर. एकही माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, हा माझा हट्ट. त्यामुळे डासांपेक्षा माझी भांडणं पेशंटांशीच जास्त!

*

एक काका तापाने फणफणलेले. दारातूनच म्हणाले, "सिस्टर, अंग लय दुखून राह्यलं. एक जोरदार सुई मारा ना!"

म्हटलं, "काका, डेंग्यूत दुखण्याची सुई घेतली तर आतून रक्त वाहू शकतं. तापाची साधी गोळी घ्या आणि पाणी प्या."

काकांना अपमान वाटला. "पाणी प्याले इतक्या दूर आलो काय? पाणी त माह्याच विहिरीत हाय!"

आमच्या डॉक्टर मॅडम वरंगलकडच्या. मराठी वॉर्डातच शिकल्या. आतूनच ओरडल्या, "मग विहीर इकडे आना! सुई मिलनार नाय!"

*

एका किराणा दुकानदाराला ॲडमिट केलं. माणूस चांगला गलेलठ्ठ. शेजारच्या खाटेवरचा काडीपैलवान बरा होऊन घरी निघाला, आणि याला मॅडमनी थांबवून ठेवलं. बायको भडकली. "काऊन जी? आमचे हे तब्येतीनं किती चांगले हायेत!"

मी समजावलं, "वहिनी, वजन जास्त असलं की डेंग्यू जास्त बिघडू शकतो. म्हणून लक्ष ठेवावं लागतं."

वहिनी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे इतके साल मी तूप डासासाठी चारलं काय?"

*

मग आले गजाननभाऊ. कपाशीवाले, शुगरचे जुने पेशंट. रिपोर्ट दाखवला तर हसायलाच लागले. "डेंग्यू मले दोन सालाखालीच होऊन गेला जी. माहा कोटा संपला!"

मॅडमनी सांगितलं, डेंग्यू चार प्रकारचा असतो. एक होऊन गेला तरी दुसरा होतो, आणि दुसऱ्या वेळेला तो जास्त अंगावर येऊ शकतो. त्यात यांची शुगर!

भाऊंनी विचार केला. "म्हंजे जुन्या गिऱ्हाइकाले सूट नाई?"

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊंचा ताप उतरला. यांनी लगेच चादर गुंडाळली. म्हटलं, "भाऊ, खरा धोका आता सुरू होतो. ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातल्या पेशी कमी होतात, बीपी पडतं. हलायचं नाही."

"कमाल हाय! इतके दिवस ताप उतरवा म्हनत होतो. उतरला त तुमीच घाबरून राह्यल्या! अन् बैलाचे खांदे कोन मळन? आवतन कोन देईन?"

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून त्यांना जेवणाचं आवतण देतात. भाऊंनी ते कधी चुकवलं नव्हतं. मॅडम तेलुगूत रागावल्या, मी मराठीत. भाऊ ऐकेनात.

त्यांची बायको कांताबाई खाटेशीच बसली होती. ती उठली, खुंटीवरची भाऊंची पँट आणि सदरा पिशवीत कोंबला आणि दाराकडे निघाली. "खांदे मी मळतो, आवतनही देतो. तुमी चादर गुंडाळून जा, कुठं जायचं ते!"

*

पोळ्याच्या दुपारी गावात डफडी वाजायला लागली आणि इकडे भाऊंच्या पोटात कळ आली. उलटी झाली, हातपाय गार पडले, नाडी बोटाला लागेना. मी घाबरले, खरंच घाबरले. जिल्ह्याला न्यायला अँब्युलन्स दारात लावून ठेवली. मॅडम खाटेजवळून हलल्या नाहीत. बीपी बघायचं, सलाईन कमी-जास्त करायचं, पुन्हा बीपी बघायचं. आवतण देऊन परतलेली कांताबाई भाऊंचे तळवे चोळत बसली होती.

उन्हं कलताना बीपी वर यायला लागलं, हात गरम झाले. भाऊंना लघवी झाली, म्हणजे रक्त पुन्हा नीट फिरायला लागलं, आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या! कांताबाईने मॅडमना एकच विचारलं, "आता घाबराचं नाई ना?" मॅडम म्हणाल्या, "आता सुधरतंय. पन झोपूनच राहायचं." ती तडक उठून निघून गेली.

थोड्या वेळाने दवाखान्याच्या आवारात घुंगरं वाजली. आमच्याकडे पोळ्याला गावच्या तोरणाखालून बैल पुरुषच नेतात, बायका ताट घेऊन दारात थांबतात. कांताबाई दोन्ही कासरे हातात धरून एकटी चालत येत होती. जोडी तोरणाखालून काढून तिने थेट भाऊंच्या खिडकीशी आणून उभी केली.

भाऊंचे डोळे भरून आले. पण शेतकऱ्याचा जीव! पडल्यापडल्याच ओरडले, "अवं, डाव्याचा कासरा ढिल्ला सोड! तो बुजते!"

कांताबाईने बैलाच्या कपाळाला कुंकू लावता लावता, मागे न बघता उत्तर दिलं, "बैलाचं मी पाहून घेतो. तुमी तुमचं सलाईन धरा!"