अल्लीपूरची गाडी

माझ्या साडूने मला फसवलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अल्लीपूरच्या ज्या ट्रकचा सौदा मी तीन खेपा घालून जमवत आणला होता, तो ट्रक त्याने माझ्या मागे जाऊन, मी पाडलेल्या भावात, स्वतःच्या नावावर करून घेतला. लोक म्हणतात, यात फसवणूक कसली, गाडी तुमची थोडीच होती. त्या लोकांनी आधी पुढचं वाचावं.

गाडी घेण्याआधी मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, हमाल होतो. सौदा करायला शिकलो तो तिथल्या गेटवर. शेतकऱ्यांच्या कापसाच्या बैलबंड्या सकाळपासून उन्हात उभ्या असायच्या. व्यापारी यायचा, कापसात हात घालायचा, तोंड वाकडं करायचा आणि जेवायला निघून जायचा. तो परत येईपर्यंत शेतकरी स्वतःच भाव उतरवून बसलेला असे. मी पाठीवर बोजा घेऊन हे पाहत होतो. वस्तू आवडली की तिला नावं ठेवायची, आणि सौदा जुळत आला की आठ दिवस तिकडे फिरकायचं नाही. एवढ्या दोन गोष्टींवर मी हमालाचा गाडीमालक झालो.

ती माझी गाडी आता म्हातारी झाली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती इतका धूर सोडायला लागली की मागचा मोटरसायकलवाला शिव्या देत पुढे निघायचा. हायवेवरच्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रीने दोन दिवस इंजिन उघडून ठेवलं आणि मला गाडीखाली निजवून टॉर्च मारून दाखवलं. चेसिसला भेग गेली होती.

"भाऊ, इंजिन मी बांधून देतो," तो म्हणाला. "पन हाडं गेली हायत हिची. आज इथं वेल्डिंग मारलं तं उद्या तिथं फाटन. एवढ्या पैशात दुसरी जुनी गाडी पाहा."

माझं डोकं तापलं, पण त्याचं म्हणणं खरं होतं. दिवाळीनंतर कापूस सुरू होतो. त्या वेळी ज्याची गाडी दारात तयार, त्याला जिनिंगचं काम. एक हंगाम गाडी बंद राहिली की आपल्या जागी दुसरा लागतो, आणि लागलेला माणूस हटत नाही. हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी स्वतः असाच एकाच्या जागी लागलो होतो.

अल्लीपूरच्या एका शेतकऱ्याकडे ट्रक उभा असल्याचं कळलं. त्याचा मुलगा तो चालवायचा. मुलगा नागपूरला नोकरीला लागला आणि गाडी गोठ्याशेजारी टिनाखाली उभी राहिली. मी साडूला सोबत घेतलं. सौद्याला दुसरा माणूस लागतो. एकाने खोड काढायची आणि दुसऱ्याने "चला भाऊ, राहू द्या" म्हणून ओढत न्यायचं. शिवाय तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर होता, त्याला इंजिन कळतं. त्याला ट्रक चालवायला मीच शिकवलं होतं, हे सांगायला नको, पण सांगतो.

गाडी पाहिली आणि मी मनात ती घेऊनही टाकली. म्हातारा मालक दर आठवड्याला ती धुवत होता. फाळक्याच्या फळ्या मूळच्या. स्प्रिंगचे पाटे शाबूत. इंजिन सुरू केलं तर धुराची एक रेघ निघाली आणि विरून गेली. माझ्या खिशात जुन्या स्पीकरचा लोहचुंबक असतो. पत्र्यावर फिरवला की पोचा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागी तो चिकटत नाही. इथे तो जागोजागी चिकटत होता. मी तो बोटात आडवा धरून एका ठिकाणी मुद्दाम खाली पडू दिला आणि मालकाला म्हणालो, पाहा, इथे गाडी ठोकलेली आहे. साडू माझ्याच बाजूला उभा होता. त्याने माझी बोटं पाहिली आणि गालात हसला.

तिसऱ्या खेपेला म्हातारा मी सांगितलेल्या किमतीजवळ आला. आता इसार हातावर ठेवला असता तर गाडी माझी होती. पण मी सवयीप्रमाणे उठलो. फुकट दिली तरी हे भंगार दारात उभं करणार नाही, असं अंगणात चार माणसांसमोर बोललो आणि चपला घातल्या. म्हातारा उठून गाडीजवळ गेला आणि काचेवरची धूळ पुसत राहिला.

परत येताना आम्ही चहाला थांबलो. तिथे मी साडूला स्वच्छ शब्दांत सांगितलं, "पुढच्या सोमवारी इसार घेऊन जाऊ. ही गाडी माझी हाय. तोवर कोनापाशी बोलू नको."

"हो भाऊ," तो म्हणाला. चहाचे पैसे मी दिले.

गुरुवारी तो अल्लीपूरला गेला. बायकोला घेऊन गेला, नारळ घेऊन गेला. तिने गाडीला हळदीकुंकू लावलं, म्हाताऱ्याच्या पाया पडली. तिच्या अंगावरचं सोनं मोडून त्याने पैशाची जुळवाजुळव केली होती. शुक्रवारी सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला. वर केबिनमध्ये मेहुणी बसली होती, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन. माझी बायको पळत बाहेर गेली आणि बहिणीला म्हणाली, किती छान गं. ते "किती छान गं" मी अजून विसरलो नाही.

मी म्हाताऱ्याला फोन लावला. शिव्याच देणार होतो. तो शांतपणे म्हणाला, "तुमी तं फुकट बी नाई म्हनलं होतं ना जी? तिनं माह्या गाडीले कुंकू लावलं. मी अजून काय पाहावं?"

त्याच दुपारी मी मिस्त्रीला सांगितलं, माझी गाडी बांध. इंजिन बांध, चेसिस जोड, रंग मार. तो म्हणाला, भाऊ, दुसरी एखादी पाहू, घाई नको. मी त्याच्यावर ओरडलो. दुसरी गाडी मला नको होती. मला ती हवी होती, आणि ती नाही तर माझ्या जुन्या गाडीने तिच्यापुढे पळून दाखवावं असं वाटत होतं. रागाच्या भरात केलेली ती दुरुस्ती होती. मिस्त्रीने सांगितलं तसंच झालं. पूस महिना संपायच्या आत चेसिस वीतभर पुढे पुन्हा फाटली.

हो, मी जळतो. लपवून काय करू? जिनिंगच्या गेटवर त्याची गाडी माझ्या पुढे लागलेली असते आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्या फाळक्याकडे बघत बसतो. रस्त्यात ती समोरून आली की मी आधी धूर बघतो. धूर नसतो. टायर बघतो, घासलेले नसतात. गाडीच्या मागे मला चिडवायला त्याने काही लिहिलेलंही नाही, आणि लिंबू-मिरचीसुद्धा दर शनिवारी बदलतो. माझा पोरगा म्हणतो, मावशीच्या गाडीत पंखा आहे. पंखा मीही बसवला. तो चालतो तेव्हा हेडलाइट मंद होतो.

एकदा आंजीच्या अलीकडे ती रस्त्याच्या कडेला उभी दिसली. साडू बॅटरीपाशी वाकलेला होता. इतका आनंद मला माझी पहिली गाडी घेतली तेव्हासुद्धा झाला नसेल. मी माझी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि नीट बघायला खिडकीवर कोपर टेकवलं. तो फक्त तारांचा गंज पुसत होता. दोन मिनिटांत पान्याने तार आवळून त्याने गाडी सुरू केली. मग मी चावी फिरवली आणि माझी गाडी सुरू झाली नाही. तो उतरून आला, काही न विचारता साखळी लावली आणि टोचन करून मला ओढत आंजीपर्यंत नेलं. बसस्टँडवर माणसं बसली होती. माझी गाडी सुरू झाल्यावर साखळी गुंडाळत तो म्हणाला, "भाऊ, बॅटरी बदला." एवढंच. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मी त्याला तिथेच धरला असता.

मग या उन्हाळ्यात अधिक महिना आला. सासूबाईंनी दोघा जावयांना जेवायला बोलावलं. दोन पाट जवळजवळ मांडलेले, दोघांना सारखंच धोतर-उपरणं, सारखेच अनारसे. सासूबाईंनी तूप आधी त्याच्या ताटात वाढलं. त्या म्हणाल्या, "मागच्या महिन्यात मले लहान जवाईबापूनं गाडीत घालून दवाखान्यात नेलं." हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझी गाडी तेव्हा मिस्त्रीकडे होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला राहवलं नाही. पाटावर बसल्याबसल्या मी विचारलं, "काऊन रे, ती गाडी माही हाय असं तुले सांगितलं होतं का नाई?"

त्याने घास गिळला. "सांगितलं होतं. अन् तीच गाडी भंगार हाय असं बी सांगितलं होतं, चार लोकांत. तुमचं सौद्याचं बोलनं कोन्तं अन् घरचं कोन्तं, मी कसं वळखावं भाऊ?"

सगळे हसले. माझी बायकोही हसली. सासूबाई म्हणाल्या, आजच्या दिवशी वाद नको, आणि माझ्या ताटात आणखी एक अनारसा टाकला. मी ताटावरून उठलो नाही, कारण उठलो असतो तर दोष माझाच ठरला असता. पण तेव्हापासून विचार करतो आहे, आणि त्याचं उत्तर मला पटत नाही. माझं बोलणं त्याला खोटं वाटलं असेल, समजलं नसेल, मान्य. पण सोमवार मी सांगितला होता. तो गुरुवारी गेला. मधल्या दिवसांत त्याने सोनं मोडलं, नारळ घेतला, बायकोला तयार केलं. एवढं सगळं करायला वेळ मिळाला, तर "भाऊ, तुम्ही घेता का मी घेऊ" एवढं विचारायला त्याच्या खिशात फोन नव्हता का? त्याने विचारलं असतं आणि मी नाही म्हणालो असतो, तर गाडी त्याची. मी हो म्हणालो असतो, तर माझी. त्याने विचारलं नाही, कारण मी काय म्हणेन ते त्याला माहीत होतं.

गाडी मला परत नको. मला उत्तर हवं आहे. एक फोन का केला नाही, हे त्याने सांगावं. पाट मांडून जेवताना हसत नाही, आणि माझ्या एकट्याच्या कानात नाही. सासूबाईंसमोर, माझ्या बायकोसमोर, सरळ माझ्याकडे बघून सांगावं.