खुशालरावच्या धुऱ्यावरची हराळी

सूर्यभानचे हात काही एका जागी शांत राहायचे नाहीत. लग्नात पंगतीला बसला तरी मांडवाखालचं एखादं तण त्याच्या नजरेत भरायचंच, आणि वाढप्याचं वरण येईपर्यंत ते मुळासकट त्याच्या पत्रावळीशेजारी पडलेलं असायचं. एकदा मयतीला गेला, तर लोक रडत होते आणि हा सरणाच्या बाजूचं गवत उपटत होता. लोकांना वाटलं, दुःखाने सुधरत नाही बिचाऱ्याला.

सगळीच तणं त्याला नकोशी. पण खरं वैर हराळीशी. हराळी म्हणजे आपली दुर्वाच. गणपतीला वाहिली तर पुण्य, वावरात शिरली तर वाटोळं. वर कापली की खालून फुटते, खालून खणली की बाजूने निघते. त्याच्या आजाने, बापाने आणि त्याने स्वतः भर उन्हाळ्यात कुदळीने काळी जमीन हातभर खणून तिच्या मुळ्या काढल्या होत्या. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना लागणाऱ्या त्यांच्या गावात सूर्यभानच्या पाच एकरांत हराळीची काडी दाखवा आणि बक्षीस घ्या, असं लोक म्हणत.

काडी दिसायचीच तर ती खुशालरावच्या बाजूने आलेली असायची. खुशालराव त्याचा चुलत भाऊ. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, बारा महिने हिरवागार, आणि खुशालराव कामाला अंमळ थंड. चौदा वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली सगळं गाव बैलं घेऊन उभं असताना सूर्यभान मोठ्याने म्हणाला होता, "खुशालरावच्या बैलाले पुरणपोळी काहून चारता? त्याच्या वावरातच सोडा, हराळी खाऊन पोट फुटीन त्याचं!" गाव खो खो हसलं. त्या दिवसापासून खुशालराव सूर्यभानशी एक अक्षर बोलला नव्हता.

असा हा माणूस नऊ वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका फुटबॉल मैदानावर गाजरगवत काढायला रोजंदारीने गेला. काम असं चोख केलं की तिथल्या लोकांनी त्याला सोडलंच नाही. मग कोलकात्याहून एक जाणकार आले, त्यांनी 'बर्म्युडा' नावाचं बी पेरलं आणि सूर्यभानला पाणी द्यायला सांगितलं. सूर्यभानने लेकरासारखी राखण केली. बाराव्या दिवशी खाली वाकून पाहिलं आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकली. हराळी! नुसती हराळी!

"साहेब, बी बदललं कोणीतरी," तो धावत जाऊन म्हणाला.

साहेबांनी समजावलं, की हेच गवत लागतं, कितीही तुडवा, पुन्हा उभं राहतं. सूर्यभानला हे आधीच माहीत होतं, त्याच्या तीन पिढ्या याच गुणापायी कमरेत वाकल्या होत्या. पण नोकरी ती नोकरी. त्याने हराळीला पाणी दिलं, युरिया दिला, यंत्राने तिचे केस कापले. हळूहळू, कोणाला सांगू नका, तिच्यावर त्याचा जीवही बसला. घरी मात्र त्याने सांगितलं, "इलायती गवत आहे. तुमाले नाही समजणार." गावात खरं कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

या भादव्यात मैदानाचं नशीब उघडलं. शेजारच्या देशांच्या सतरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा भरणार होती आणि तिचे दोन सामने अमरावतीला आले. पहिलाच सामना नेपाळ आणि भूतानचा. त्याआधी मालदीवचे एक साहेब मैदान तपासणार होते, आणि त्यांना ते पसंत पडलं नाही तर दोन्ही सामने नागपूरला जाणार होते. सूर्यभानची झोप उडाली. नऊ वर्षांच्या मेहनतीकडे पहिल्यांदाच कोणीतरी वाकून पाहणार होतं.

तपासणीला पाच दिवस उरले असताना स्पर्धेचं काम पाहणाऱ्या प्रणाली मॅडमनी सगळ्यांना बैठकीला बोलावलं. पाहुण्यांना हार द्यायचे की गुच्छ, यावर अडीच तास खल झाला. नेमकी त्याच दिवशी सूर्यभानची बायको जमुना गावातल्या आठ जणींना घेऊन अंबादेवीच्या दर्शनाला आली होती. निंदणाला एकत्र जाणारी ही टोळी, तिची म्होरकी भागीरथा. दर्शन झालं, तेव्हा म्हटलं, भाऊचं मैदान पाहून जाऊ.

सूर्यभान परतला तेव्हा नऊही जणी कंपाउंडच्या सावलीत घाम पुसत बसल्या होत्या. त्याच्याच खोलीतली खुरपी आणि कुदळी बाजूला पडल्या होत्या. आणि पलीकडच्या गोलसमोर, एक गुंठाभर, काळीभोर जमीन उघडी पडली होती.

"तुमी मीटिंगात बसता अन इकडे आख्खी हराळी माजली!" जमुना म्हणाली. "परदेशातल्या पोरीयनं काय म्हटलं असतं? तेवढी बाजू आमी काढली. इकडची उद्या येऊन काढतो."

"पाय भाऊ, एक मुळी ठेवली नाही," भागीरथा अभिमानाने म्हणाली.

खरंच ठेवली नव्हती. इतकं सुरेख निंदण सूर्यभानने जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे रागवायचं कसं तेही त्याला सुचेना. तो इकडेतिकडे ढीग शोधू लागला.

"काढलेली हराळी कुठं आहे?"

"घंटागाडीत टाकली. ठेवली त परत धरते, हे तुमाले आता मी सांगू?" जमुना म्हणाली.

मग त्याला खरं सांगावंच लागलं. हेच ते इलायती गवत. भागीरथाने तोंडात पदर कोंबला. "म्हंजे नऊ वर्षं तुमी हराळीले पाणी देऊन राहिले?" बाकीच्या हसून हसून आडव्या झाल्या. एकटी जमुना हसली नाही. "घरी मले भर उन्हात मुळ्या खणायले लावता," ती हळूच म्हणाली, "अन इथं तिचे लाड करता." सूर्यभान खुरपी गोळा करू लागला. चूक बायांची नव्हतीच. त्याने खरं लपवलं होतं.

मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, रोपवाटिकेतून लॉन आणू. "त्याले मुळी नसते," सूर्यभान म्हणाला. "पोरीचा पाय सरकला त मोडन." जुनी, दाट, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली हराळी मातीच्या थरासकट कापून आणायला हवी होती. तशी हराळी कुठे आहे हे त्याच्याइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच त्याचं तोंड कडू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो खुशालरावच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. खुशालराव बाजेवर चहा पीत होता. त्याने मान म्हशीकडे वळवली.

"पाय बाई, कोण आलं. विचार, काय काम आहे."

सूर्यभाननेही म्हशीकडेच पाहिलं. "त्याले सांग, धुऱ्यावरची हराळी पायजे."

"विचार, काढून फेकाले का?"

"सांग, लावाले. माझ्या मैदानात. नेपाळच्या पोरी खेळणार हायेत तिच्यावर."

म्हैस रवंथ करत राहिली. खुशालरावच्या हातातली बशी मात्र थांबली, आणि चौदा वर्षांनी त्याने सूर्यभानकडे सरळ पाहिलं. "तुले? माझी हराळी पायजे?"

"हो."

खुशालराव हसेल, गावभर दवंडी पिटेल, असं सूर्यभानला वाटलं होतं. तो हसला नाही. "पोळ्याच्या दिवशी तू बोलला," तो म्हणाला, "तेव्हापासून माझ्या वावराले लोकं हराळीवाल्याचं वावर म्हणतात. पोरीच्या लग्नात व्याही म्हणे, हराळीवाले तुमीच का? त्या वर्षी मले कंबरदुखी होती, सूर्यभान. वाकता येत नव्हतं. तू इचारलं नाही."

सूर्यभानला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. चौदा वर्षांत हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. म्हशीला नाही, त्यालाच.

खुशालरावने बशी खाली ठेवली. "ने," तो म्हणाला. "ट्रॅक्टरबी माझाच ने. पण माझी हराळी जिथं लावशीन, तिथं मागे मले खुर्ची पायजे."

त्याच नऊ जणी धुऱ्यावर बसल्या. "जन्मात पहिल्यांदा हराळी जपून काढून राहिली मी," भागीरथा म्हणाली, आणि पोळीसारखे गोल नाही तर पाटासारखे चौकोनी थर कापले गेले. ट्रॅक्टरच्या तीन खेपा झाल्या. सूर्यभानने थराला थर भिडवला, रोलर फिरवला, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. मालदीवचे साहेब आले, बुटाने दाबून पाहिलं, गुडघ्यावर बसून ओढून पाहिलं. गवत हललं नाही. साहेबांनी जात विचारली. मॅडम 'बर्म्युडा' म्हणणार, तेवढ्यात सूर्यभान पुढे झाला. "हराळी," तो म्हणाला. "खुशालरावची." साहेबांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी सही केली.

सामन्याला खुशालराव नवं धोतर आणि टोपी घालून आपल्या हराळीच्या गोलमागे बसला. शेजारी सूर्यभान. मैदानात काय चाललंय याच्याशी दोघांनाही देणं-घेणं नव्हतं, चेंडू पलीकडे गेला की दोघे सुटकेचा श्वास सोडत, आणि इकडे आला की खुशालराव ओरडे, "ए पोरी, हळू!" बावीस मुलींपैकी कोणीच ऐकलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलून भूतान इकडच्या गोलला आलं, आणि नेपाळच्या एका मुलीने जोरात लाथ मारली. भूतानची गोलरक्षक, चौदा-पंधरा वर्षांची पोर, आडवी झेपावली, चेंडू पोटाशी धरला आणि घसरत गेली. तिच्या बुटाने तळहाताएवढा थर उचकटला. सूर्यभान ताडकन उभा राहिला. त्याच्या काळजाचाच तुकडा निघाला होता.

पोरीने चेंडू लांब मारला. मग ती परत आली, उलटा पडलेला तुकडा उचलला, जागेवर ठेवला आणि पायाने दाबला. नीट बसला नाही म्हणून खाली बसून दोन्ही हातांनी दाबला. वर पाहिलं तर जाळीमागे दोन म्हातारे, एक उभा, एक खुर्चीतून अर्धा उठलेला. आपल्याला रागावतायत असं वाटून तिचा चेहरा एवढासा झाला.

"घाबरू नको, माय," खुशालराव जाळीला धरून म्हणाला. "हराळी आहे ते. नाही मरत."

तिला वऱ्हाडी कुठली येणार. पण ती हसली आणि पळत जागेवर गेली. सूर्यभानला ढळाढळा रडू आलं. ते त्याने लपवलं नाही.

"बस खाली, खुशालभाऊ," तो नाक पुसत म्हणाला, "मागच्यायले दिसत नाही."

संध्याकाळी गावात लोकांनी विचारलं, कोण जिंकलं? दोघांनाही सांगता आलं नाही.