पक्की टीप

आमचे हे दुबईच्या करामा भागात तीस वर्षं कपडे शिवतात. शिवण कधी उसवली नाही, एवढाच काय तो ह्यांचा तोरा.

गेल्या महिन्यात इथे चार स्पॅनिश गायिकांचा शो होता. वाद्यं नाहीत, नुसते गळे, आणि प्रत्येक गाण्याचं नाटक. एका गाण्यात चौघी काळ्या झग्यांत रडतात, मग एका हिसक्यात झगे फाडून आतल्या लाल कपड्यांत नाचतात. झगे ह्यांच्याकडे शिवायला आले. मॅनेजरनं बजावलं, "फक्त कच्चा टाका, हबीबी."

पण चौथी पोर आमच्या लेकीच्या, पर्णिकाच्या वयाची. भर स्टेजवर भलत्याच वेळी शिवण सुटली तर? ह्यांनी तिच्या झग्यावर गुपचूप पक्की टीप मारली.

शोला आम्ही दोघं गेलो. तीन झगे उडाले. चौथी हिसके देत राहिली आणि शेवटी काळ्यातच नाचली. लोक हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी झगा परत आला. सोबत निरोप नाही की शिवी नाही. हे तो उसवायला बसले.

"आता कशाला?" मी ओरडले.

"बघतोय," हे म्हणाले, "पोरीनं किती जोर लावला असेल."