अण्णांच्या नावाने

आमच्या अण्णांचा राग सकाळच्या पेपरबरोबर यायचा. ओसरीवर आरामखुर्ची, हातात पेपर, आणि 'राष्ट्रपतींच्या आदेशावरून' हे शब्द कुठे दिसले, की पेपर डोळ्यांपासून हातभर लांब धरून ते मोठ्याने विचारायचे, "ह्यांना कुणी विचारलं होतं का?" दूध घालायला आलेला बसप्पा पहिल्या दिवशी दचकला. त्याला वाटलं, प्रश्न आपल्यालाच. "नंगेन गोत्तरी, अण्णा," मला काय ठाऊक, असं म्हणून तो हात जोडून निघून गेला. पुढे तो रोजच ते म्हणायला लागला आणि अण्णा म्हणायचे, देशात खरं बोलणारा हा एकटाच उरलाय.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. मूलबाळ नाही, काकू लवकर गेलेल्या. धारवाडच्या एका मराठी शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवायचे. मुलं, पालक आणि खुद्द शाळा ज्या विषयाला तोंडी लावण्यापुरतं मानायची, त्या विषयावर हा माणूस जेवत होता.

राष्ट्रपती म्हणजे जत्रेतली उत्सवमूर्ती, असं ते वर्गात सांगायचे. पालखीत बसणार ती, जयजयकार तिचा, पण पालखी कुठल्या गल्लीतून न्यायची ते पंच ठरवणार. पंच म्हणजे पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ. कारभार सगळा पंचांचा, नाव देवाचं. "यात वाईट काही नाही," ते म्हणत. "पंचांना जाब विचारता येतो, देवाला येत नाही. पण पंचांनी निदान बैठक तरी घ्यावी की नको?"

आणीबाणीत ती बैठकही आधी झाली नाही. रात्री सही झाली आणि मंत्रिमंडळाला सकाळी बोलावून सांगितलं, हे कानावर आलं तेव्हा अण्णा घरात कुणाशी बोलेनात. मग वर्गात जाऊन म्हणाले, "आधी जेवण, मग स्वयंपाक. असलं घर पाहिलंय का रे कुणी?" कुणीतरी ते हेडमास्तरांपर्यंत पोचवलं. हेडमास्तर भला माणूस, म्हणजे भित्रा. त्यांनी अण्णांचं नागरिकशास्त्र काढून घेतलं आणि भूगोल दिला. अण्णांनी वर्षभर देशातल्या सगळ्या नद्या शिकवल्या, यमुना सोडून. तिच्या काठी काय चालतं ते शिकवायची मला परवानगी नाही, म्हणाले.

आणीबाणी गेली, घटना पुन्हा दुरुस्त झाली. मंत्रिमंडळाचा सल्ला पटला नाही तर राष्ट्रपतींनी तो एकदा परत पाठवावा, फिरून तोच आला की मात्र मान्य करावा, असं ठरलं. आम्हाला वाटलं, आता तरी अण्णा खूश होतील. ते आणखी भडकले. ही तर आपली पंगत झाली, म्हणाले. पहिल्यांदा 'बेड, बेड', नको नको, म्हणून हात आडवा धरायचा आणि दुसऱ्यांदा वाढलं की मुकाट गिळायचं. आई त्याच वेळी त्यांच्या पानात दुसरी पुरणपोळी वाढत होती. ती त्यांनी गिळली.

एवढा विचारी माणूस, पण आपल्याच घरात आपण कोण आहोत हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. कारभार माझ्या वडिलांचा, अप्पांचा. ते हुबळीच्या कोर्टात वकील. पण घरातला एकही निर्णय त्यांच्या नावाने निघाला नाही. 'अण्णांना चालणार नाही' म्हणून आमचा रेडिओ कधी मोठ्याने लागला नाही. 'अण्णांची इच्छा' म्हणून मी बँकेत चिकटलो. मला दुसरं काय व्हायचं होतं ते मलाही आठवत नाही, तेव्हा ती इच्छा फार वाईट नसावी. या मंत्रिमंडळात आईकडे अन्नखातं होतं आणि मी बिनखात्याचा.

सत्त्याऐंशी साली माझ्या धाकट्या बहिणीला, सुमाला, अळणावरहून स्थळ आलं. लाकडाची मोठी वखार, मुलगाही बरा. सुमा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. लग्न वैशाखात आणि परीक्षा त्याच्यानंतर. परीक्षेचं काही नको, वखारीत वकील काय करायचाय, असं त्या लोकांनी स्वच्छ सांगितलं. सुमा नाही म्हणाली. अप्पांनी तिला समोर बसवलं आणि हळुवार आवाजात सांगितलं, की अण्णांची फार इच्छा आहे.

ती तडक ओसरीवर गेली. "अण्णा, मी परीक्षा देऊ नये असं तुम्हाला वाटतं?"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. आपली इच्छा काय आहे ते ते पहिल्यांदाच ऐकत होते.

मग त्यांनी अप्पांना हाक मारली ती गल्लीला ऐकू गेली. "वसंता, माझ्या तोंडी हे कुणी घातलं?"

अप्पा शांत होते. कोर्टातही जिंकायच्या वेळी ते शांतच असत. "अण्णा, या घरात सगळं तुमच्याच नावाने होतं. वर्षानुवर्षं होतंय. काय होतंय म्हणून एकदा तरी विचारलंत?"

अण्णांचा चेहरा मी विसरलेलो नाही. दिल्लीवर ओरडायला त्यांना कधी शब्द कमी पडले नव्हते. इथे त्यांनी पेपर उचलला आणि त्याची नीट घडी घातली.

"परत पाठवतो," ते शेवटी म्हणाले. "फेरविचार करा."

आम्ही केला. आई भाजी चिरत होती तिथेच. अप्पा म्हणाले, ठरलं ते ठरलं. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, बघू या. तोच निर्णय पुन्हा ओसरीवर गेला.

आमच्यात सुपारी फुटली की सोयरीक पक्की, आणि ती घरातल्या थोरल्यानेच फोडायची. अळणावरची मंडळी आली, सतरंजीवर बसली. अप्पांनी तबक पुढे केलं. अण्णांनी सुपारी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"फोडा की, अण्णा," अप्पा हसत म्हणाले.

"फोडणार की. नाही कुठं म्हणतोय? पण केव्हा फोडायची ते कुठं लिहिलेलं नाही."

त्याच दिवसांत दिल्लीत एक विधेयक राष्ट्रपतींपाशी पडून होतं. लोकांचं टपाल उघडून वाचायची सरकारला मुभा देणारं. त्यावर सही नाही आणि ते परतही नाही. घटनेत मुदतच घातलेली नव्हती. ते वाचून अण्णांनी कधी नव्हे तो बसप्पाला बसवून चहा पाजला होता. त्या दिवशी आम्हाला वाटलं होतं, वय झालं.

मुलाच्या मामांनी कानडीत हळूच विचारलं, यजमानांना बरं नाही का. तोवर अण्णा टोपी घालून केलगेरीच्या तळ्यावर फिरायला निघूनही गेले होते. मंडळींनी दोनदा चहा घेतला, चिवडा संपवला आणि संध्याकाळच्या गाडीने अळणावरला परतली. अप्पा दुसरी सुपारी आणून स्वतः फोडू शकले नाहीत. धाकट्याने फोडलेली सुपारी त्या लोकांनी मानली नसती. आणि ज्या नावावर इतकी वर्षं कारभार केला, ते नाव ऐन वेळी बाजूला सारायचं कसं? वैशाख गेला. त्या लोकांनी खानापूरची मुलगी केली. सुमा परीक्षेला बसली.

अप्पांनी भांडण काढलं नाही. त्यांनी अण्णांचं नाव काढून घेतलं. मुंजीची, सत्यनारायणाची आमंत्रणं अप्पांच्या नावाने जाऊ लागली. येणारे-जाणारे ओसरीवर नुसता नमस्कार टाकून थेट आत शिरू लागले. गंमत अशी, की हुकूम तेच होते, देणाराही तोच, आणि तरी थोरला माणूस घरात पाहुणा झाला. "बरं झालं, निवृत्त झालो," अण्णा म्हणायचे. पण पेपर घडी न मोडता पडून राहायला लागला तेव्हा आम्ही समजलो. आम्ही म्हणजे मी आणि सुमा. समजून मी काय केलं, तर बँकेत गेलो.

सुमाचा काळा कोट त्यांनी एकदाच पाहिला. तिला जवळ बोलावून म्हणाले, "कुणी सही मागितली तर आधी वाच. आणि वाचून झालं की विचार, मी नाही केली तर काय होईल?" त्या पावसाळ्यात ते गेले.

तेराव्याला घर भरलं होतं. अप्पा दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "सुमाने वकील व्हावं, ही अण्णांचीच इच्छा. आम्ही ती मोडली नाही." डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, हेच मला सहन होईना. मी पत्रावळी मांडत होतो. हातातली चळत तशीच घेऊन मी दाराकडे निघालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी बोलणार होतो.

सुमाने पत्रावळी माझ्या हातातून घेतल्या.

"सांगू दे, दादा," ती म्हणाली. "त्यांच्या नावाने आजवर जे जे सांगितलं, त्यातलं एवढंच खरं आहे."

ती पत्रावळी मांडत पुढे गेली. मी तिथेच उभा राहिलो. खरं होतं, म्हणूनच राग जास्त आला. तो अजून आहे.