काळ्या दगडावरचा बगळा

माझी सगळी नोकरी वृत्तपत्राच्या डेस्कवर झाली. भुताखेताची बातमी आली की मी बातमीदाराला एकच विचारायचो — पाहिलं कोणी? नाव सांगता आलं नाही की बातमी कचऱ्यात. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आता तो बसलाय असंही म्हणणार नाही. अडचण एवढीच की खालच्या प्रसंगात पाहणाऱ्याचं नाव मला पक्कं ठाऊक आहे... आणि न पाहणारा मी स्वतः आहे.

सलीम आमच्या वृत्तपत्राचा फोटोग्राफर. त्याने फोटो काढायचा आणि त्याखालची ओळ मी लिहायची, यात आमची अर्धी हयात गेली. निवृत्तीनंतर तो खडकीला मुलीकडे राहतो. तिचं नाव नसरीन. पक्ष्यांचा नाद आधी त्याला लागला, मग त्याच्यामुळे मला. दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे आम्ही धावत नाही. बगळे, शेकाटे, टिटव्या, पाणकावळे — रोजचेच. जायचं मात्र ढगाळ दिवशी. उन्हात बगळ्याचं पांढरं जळून जातं, फोटोत नुसता कापसाचा गोळा येतो. ढगांखाली पीस न् पीस दिसतं. हे सलीमचं शास्त्र.

काही वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याची मधली नजर गेली. मग डाव्यातही सुरुवात झाली. डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती : जिथे दिसत नाही ती जागा कधी कधी मेंदू स्वतःच भरतो. माणसं दिसतात, फुलं दिसतात, पक्षीही दिसतात. हे वेड नव्हे, पण सावध राहा. त्या दिवशी नसरीनने त्याच्याकडून शब्द घेतला — नसलेलं काही दिसलं की त्याच दिवशी स्कूटर बंद. स्कूटर म्हणजे त्याची मंडईची फेरी, जुन्या मित्रांकडे जाणं, कोणाला न विचारता घराबाहेर पडणं. बाकी काही त्याच्याकडे उरलं नव्हतं.

तो हिवाळ्यातला ढगाळ दिवस होता. सलीमला माझ्या गाडीतून घेऊन मी मांजरी गावाच्या पुढे, कवडीच्या बंधाऱ्यावर गेलो. नदीला नेहमीचा वास होता, पाण्यावर फेस तरंगत होता.

“शहराने आंघोळ केलेली दिसतेय,” सलीम म्हणाला.

आम्ही शेजारीशेजारी उभे होतो, मध्ये हातभर अंतर. त्याच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर कायम काळी चिकटपट्टी असायची. रोल धुतल्याशिवाय फोटो बघायचा नाही, ही जुनी सवय त्याने नव्या कॅमेऱ्यालाही लावली होती.

“बगळा बघ,” तो हळूच म्हणाला. “मधल्या दगडावर.”

प्रवाहात एकच मोठा दगड होता. काळा, ओला. त्यावर काहीही नव्हतं.

“कुठला दगड म्हणतोस?”

“अरे, दगड एकच आहे. चष्मा पूस.” त्याचं शटर वाजलं. “पिवळे पंजे बघ कसले आलेत!”

मी खरंच चष्मा पुसला. कॅमेरा डोळ्याला लावला आणि तो दगड मधोमध धरून बटण दाबलं. त्याच क्षणी त्याचंही शटर पुन्हा वाजलं. दगडापासून थोड्या अंतरावर एक शेकाट्या आपला लांब, लाल पाय उचलून उभा होता. तो मला स्वच्छ दिसला. दगड रिकामा होता.

मी कॅमेरा खाली घेतला, त्यातूनच त्याला कळलं. कॅमेरा खाली न घेता त्याने विचारलं, “नाहीये का?”

मी पुन्हा दगडाकडे पाहिलं.

“खरं सांग. पोरीला शब्द दिलाय मी. माझं मन राखायला उडून गेला वगैरे म्हणू नकोस.”

“नाहीये, सलीम.”

त्याने लेन्सवर झाकण बसवलं. पट्टी काढून बघू या का, असं मी विचारलं.

“काय बघायचं? रिकामा दगड? चल, थंडी वाजतेय.”

घरी पोचल्यावर त्याने बूटही न काढता स्कूटरची चावी नसरीनच्या हातात दिली. “कॅमेराही ठेव कपाटात,” तो म्हणाला. “नसलेलं दाखवायला मी काही पुढारी नाही.”

नसरीन माझ्याकडे बघत होती. मी होकारार्थी मान हलवली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. “काका, जरा येऊन जाल? अब्बा झोपलेत. त्यांना अजून सांगितलं नाहीये.”

कॅमेरा ठेवून देण्याआधी तिने फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते. पडद्यावर काळा दगड होता... आणि त्यावर बगळा. काळी चोच, पिवळे पंजे, छातीवरची पिसं सुटी सुटी. खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब.

मी घरी परतलो आणि माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन पुन्हा गेलो. दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले. दोन्हींत शेकाट्याचा तोच पाय तितकाच उचललेला. दोन्हींत फेसाचा तोच फाटका तुकडा दगडाला नुकताच टेकलेला. क्षण तोच. माझ्या फोटोत दगडावर काही नाही, खाली पाण्यातही काही नाही. वृत्तपत्रातल्या एका माहितगार सहकाऱ्याला मी नंतर दोन्ही मूळ फोटो दाखवले. त्याला कुठेही फेरफार आढळला नाही.

“तुम्हीच सांगा त्यांना,” नसरीन म्हणाली. “तुमच्या शब्दावर त्यांनी चावी दिली.”

सलीम उठून आला. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने त्याने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

“पिसं चांगली आलीत,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “मग आंधळं कोण, राव?”

“मी. आणि माझा कॅमेराही.”

नसरीनने चावी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. त्याने ती बोटाने तिच्याकडे परत सरकवली.

“अब्बा, बगळा होता ना पण!”

“होता, बेटा. म्हणूनच नको. याला न दिसणारा बगळा मला दिसला. उद्या चौकात असंच कोणी उभं दिसलं, तर मी ब्रेक दाबायचा की नाही? मागून ट्रक येत असतो.” मग तो म्हणाला, “कॅमेरा मात्र आण इकडे.”

त्याच्या डोळ्यांचं स्पष्टीकरण डॉक्टरांकडे आहे. त्याच्या कार्डाचं नाही. माझ्या कार्डाचंही नाही. मी पुष्कळ विचार केला. जो खुलासा एका फोटोला लागू पडतो, तो दुसऱ्यासमोर टिकत नाही.

ढगाळ दिवशी आम्ही अजून जातो. गाडी मी चालवतो. मधूनच तो पाण्याकडे बोट दाखवून विचारतो, “आहे का?” पूर्वी मी सरळ “नाही” म्हणालो असतो. आता म्हणतो, “मला दिसत नाही.”

तो मान डोलावतो आणि बटण दाबतो.