कणीक संपेपर्यंत

सकाळी कणीक मळत होते, तेव्हा हॉस्पिटलमधून बाईंच्या भाच्याचा फोन आला. "सुमनताई, आत्या गेली." हाताला लागलेलं पीठ तसंच वाळलं... दीड महिना झाला त्याला.

वसुधाबाई विद्यापीठात एम.ए.च्या मुलांना समाजशास्त्र शिकवायच्या आणि मी दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये राहून स्वयंपाक करायचे. साताऱ्याकडची मी, सातवीत शाळा सुटलेली. काही चुकलं तर परत पाठवतील, ही धास्ती कायम. अशा मला त्यांनी परीक्षक केलं! प्रबंधाची तोंडी परीक्षा जवळ आली, की विद्यार्थ्याला माझ्या ओट्याशेजारी स्टुलावर बसवायच्या. हातात कागद नाही. कणीक संपेपर्यंत त्यानं काय शोधलं ते मला सांगायचं. बाई तोवर बाल्कनीत. मग येऊन मला विचारायच्या, "कळलं?" मी एकदा म्हटलं, "बाई, मला काय कळतंय यातलं?" तर म्हणाल्या, "मार्क कागदाला पडतात गं. डोक्यात काय उतरलं, ते तुझ्यामुळे समजतं."

एकदा लातूरचा निखिल आला. पोळ्या संपल्या तरी मला काही उमगेना. पण बिचारा सारखा रिकामा खिसा चाचपत होता... मी म्हणाले, "कळलं, बाई." तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला तो अडला, सहा महिने मागे पडला. ते ऐकून मी माझी पिशवी भरली.

"कुठे निघालीस? ठेव ती खाली," बाई म्हणाल्या. "दया आली ना त्याची?"

"हो."

"मग 'नाही कळलं' म्हणायचं. इथे अडला असता तर तिथे अडला नसता. चलो, चहा टाक आता."

कळत नाही हे सांगायची मला जन्मभर लाज वाटत आलेली. बाईंनी तेच माझं काम केलं. पुढे मी 'नाही कळलं' म्हणायला लागले.

आता भाचा घर आवरतोय. स्टूल अजून ओट्याशीच आहे. गेल्या आठवड्यात शबाना आली, बाईंची शेवटची विद्यार्थिनी. परीक्षा चार दिवसांवर. दारातच म्हणाली, "ताई, बाई नाहीत... तरी बसू?"

हल्ली एकटीपुरत्या दोन पोळ्या होतात. त्या दिवशी दहाची कणीक मळली. ती आठवडी बाजारांबद्दल बोलत राहिली, भरभर, रडवेल्या आवाजात. शेवटी थांबली. माझी नजर बाल्कनीकडे गेली.

"कळलं, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यापासून सांग. कणीक आहे अजून."