मधे मोजायचं नाही

शेवंतीच्या पाकिटांवरची नावं माझ्या हातची आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, शेजारीण दुसऱ्याच्या घरचं चव्हाट्यावर मांडते आणि स्वतः नामानिराळी राहते.

गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगीत आमची दारं समोरासमोर. मी शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली, त्यामुळे सगळे मला बाई म्हणतात आणि अर्ज लिहायला माझ्याकडे पाठवतात. शेवंती इथलीच. तिच्या सासऱ्यांची शेती या बिल्डिंगींच्या खाली गेली, हातात दोन खोल्या आल्या. नवरा आत्माराम काशीमीऱ्याला ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. पगार अठरा हजार, तोही रोख.

एक तारखेला शेवंती तो पगार जमिनीवर मांडायची आणि पाकिटांत घालायची. पाकिटं लग्नपत्रिकांची, माझ्याकडे आलेल्या पत्रिकांची रिकामी. वर गणपती, कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट, आणि त्याखाली माझ्या अक्षरात दूध, गॅस, लाइट, मासळी, औषध, रिक्षा. नऊ पाकिटं. दुधाचे पैसे मासळीत जायचे नाहीत, मासळीचे लाइटात जायचे नाहीत. पाकीट संपलं की ती गोष्ट त्या महिन्यापुरती संपली. पाहुणे आले आणि दुधाचं पाकीट रिकामं असलं तर पाहुण्यांना काळा चहा. मी दोनदा प्यायले आहे.

फोनवरून पैसे द्यायला ती कधी शिकली नाही. जो पैसा दिसत न्हाय तो कधी संपला ते पन कळत न्हाय, म्हणायची. आणि दुसरा नियम तिच्या सासूकडून आलेला. एकदा भरलेलं पाकीट मधे मोजायचं नाही. लागेल तेवढं काढायचं, पण आत किती राहिलं ते बघायचं नाही. मधे मोजलं की बरकत जाते.

आणि बरकत होती, हे मीही पाहिलं आहे. महागाईत माझी पेन्शन पंचवीस तारखेला धापा टाकायची, पण शेवंतीच्या पाकिटांत महिनाअखेर शंभर-पन्नास उरायचेच. ते ती एकवीरेच्या पाकिटात टाकायची. चैत्रात सगळे कार्ल्याला जाऊन यायचे. आई देते, म्हणायची. आत्माराम खाली मान घालून हसायचा. मला वाटायचं, याला बायकोचा अभिमान वाटतो आहे. माणसं ओळखण्यात मी किती कच्ची, ते पुढे कळलं.

डिसेंबरात मुलाचं, अभिनवचं लग्न झालं. सून नेत्रा जेसल पार्कातल्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. कमी बोलणारी, पण सासऱ्यांशी मात्र गट्टी. मे महिन्यात एका शनिवारी आत्माराम गॅरेजातून दुपारीच निघाला आणि गोल्डन नेस्टच्या चौकाअलीकडे भर उन्हात रस्त्यावर कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवंती रडत एकच विचारत होती, की हे पायी का चालले होते. येण्याजाण्याच्या रिक्षाचे रोजचे पन्नास ती स्वतः पाकिटातून काढून त्याच्या खिशात घालायची. रिक्षा मिळाली नसेल, असं मीच म्हणाले.

जूनपासून अभिनव तिला पैसे देऊ लागला. वडिलांचं रिक्षाभाडं सोडून बाकी तेवढेच, एटीएममधून काढून, रोख. रिक्षाचं पाकीट शेवंतीनं फाडून टाकलं. उरलेली आठ पूर्वीसारखीच भरली. आणि वीस तारखेला दूध-मासळीची पाकिटं रिकामी झाली. जुलैत अठराला. घरात माणूस एक कमी, पैसा तेवढाच, मग जातो कुठे? एकवीरा आई रागावली असेल म्हणून तिनं देवीची ओटी भरली. तरी ऑगस्टात तेच. मग तिची नजर देवीवरून घरातल्या माणसांवर आली, आणि घरात नवं माणूस एकच होतं.

सप्टेंबरात एका सकाळी ती बाजारातून लवकर परतली. कपाट उघडं होतं, समोर नेत्रा उभी, हातात दुधाचं पाकीट. सासूला बघून तिनं ते झटकन आत सरकवलं.

शेवंतीनं मला हाक मारून बोलावलं. नावं मी लिहिलेली, म्हणून साक्षीदारही मीच. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुजा सासरा गेला आनि तुजा हात माज्या पाकिटात गेला," ती म्हणाली.

"मी घेतले नाहीत, आई," नेत्रा म्हणाली. एवढंच. पुढे ती काही बोलेल म्हणून आम्ही थांबलो, पण ती गप्प राहिली. आंघोळीहून आलेला अभिनव म्हणाला, मोजून बघ ना, सोक्षमोक्ष होईल. शेवंतीनं पाकीट छातीशी धरलं. महिना अर्ध्यावर होता. तिनं मोजू दिलं नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली. चाळीस वर्षं वर्गात चोर पकडले होते मी. पोरगी गप्प, म्हणजे चूक तिची, असा माझा हिशेब.

त्याच आठवड्यात अभिनव आणि नेत्रानं जेसल पार्कला भाड्याची खोली घेतली. महिनाअखेर दुधाच्या पाकिटातून पाचशेची एक कोरी नोट निघाली. शेवंतीनं आठ पाकिटांत कधी पाचशेची नोट घातली नव्हती, सुट्टेच घालायची. घाबरून परत ठेवली असेल, असं तिनं ठरवलं. मीही तेच म्हणाले.

दिवाळीनंतर दगडू आला. दगडू म्हणजे गॅरेजचा मालक, आत्मारामचा जुना दोस्त. त्यानं खिशातून बाराशे रुपये काढून शेवंतीपुढे ठेवले. आत्मारामच्या शेवटच्या चार रविवारांचे राहिले होते, म्हणाला. शेवंतीला कळेना. आत्माराम रविवारी दगडूकडे भजनाला जायचा. त्याला कुणी एक ओळ गाताना ऐकलं नव्हतं ही गोष्ट निराळी.

दगडू आधी टाळाटाळ करत होता, मग सांगून मोकळा झाला. भजन वगैरे काही नव्हतं. आत्माराम रविवारी ट्रक धुवायचा, एका रविवारचे तीनशे. आणि रोज संध्याकाळी काशीमीऱ्याहून घरी चालत यायचा, तेवढेच रिक्षाचे पंचवीस वाचायचे. दहा-वीसच्या नोटा करून सगळे पाकिटांत टाकायचा. कधी दुधात, कधी गॅसात.

"मी त्याला बोललो, वयनीला सांग, बाबा," दगडू म्हणाला. "तर म्हनतो, तिला वाटतं देवी देते. वाटू दे. कमी पडतंय कळलं तर ती पयलं सोताचं ताट कमी करील. पोर ल्हान होता तवा केलतं तिनं."

शेवंती त्या बाराशेंकडे बघत बसली. ती रडली नाही, आणि मला मात्र माझ्या घरी जाऊन दार लावून रडावं लागलं. मे महिन्यातल्या तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं. तो पाकिटं भरायला चालत होता.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी जेसल पार्कला गेलो. शेवंतीनं आठही पाकिटं रुमालात बांधून घेतली होती. नेत्रानं पाणी दिलं, चहा केला. शेवंतीनं रुमाल तिच्यापुढे ठेवला आणि दगडूचं सगळं सांगितलं. नेत्रा ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर नवल काही दिसेना.

"तुला म्हाईत होतं," शेवंती म्हणाली.

नेत्रानं होकाराची मान हलवली. लग्नानंतर महिन्याभरात तिनं सासऱ्यांना पहाटे कपाटापाशी पाहिलं होतं, पाकिटात हात घातलेला. त्यांनी तिला शपथ घातली, सासूला बोलायचं नाही. ते गेले, पाकिटं कमी पडायला लागली, तेव्हा तिनं आपल्या पगारातून टाकायला सुरुवात केली. तिला दोनदाच जमलं. तिसऱ्यांदा सासू बाजारातून लवकर आली.

"घाईत सुट्टे नव्हते," ती म्हणाली. "म्हणून पाचशेचीच टाकली."

"मंग बोलली का न्हाईस गो तेवा?"

"बाबांची शपथ होती, आई. ते असते तर त्यांना विचारून मोडली असती."

शेवंतीनं तिचे दोन्ही हात धरले आणि घरी चल म्हणाली, पुन्हापुन्हा म्हणाली. नेत्राही रडत होती. सणाला येऊ, म्हणाली. रोज फोन करीन, तुम्हाला बरं नसलं तर धावत येईन. पण राहायला नाही. "त्या कपाटासमोर मला उभं राहवणार नाही." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. दुधाचा होता.

परत येताना मी रिक्षाला हात केला. शेवंती बसायला तयार नव्हती, तिला बळंच बसवलं.

एक तारखेला ती माझ्या दारात आली. एक पाकीट पायजे, म्हणाली, आनि वर नाव घालून द्या. मी पेन घेतलं. काय लिहू विचारलं तर म्हणाली, रिक्षा. मी लिहिलं. माझं अक्षर एवढं वाकडं कधी आलं नव्हतं.

मी तिच्यामागून आत गेले. तिनं दगडूनं दिलेले बाराशे घेतले, त्यात शंभर घातले, आणि सव्वीस दिवसांच्या येण्याजाण्याचे पैसे मोजून त्या पाकिटात भरले. पाकीट आत्मारामच्या फोटोपुढे ठेवलं.

"पुरे पैसे हायत," ती त्याला म्हणाली. "आता चालू नका. रिक्षानं या."